दाराच्या चौकटीतला पाईप

—आपटा, अजून आपटा, काच फुटेपर्यंत आपटा! अहो शेठ, चासी वाकली, गाडीचा खालचा सांगाडाच वाकला, की दार लागत न्हाय, मग फियाट असो न्हायतर कंटेनरचा ट्रक. उरणात शेंबड्या पोराला कळतं हे. आणि काम कुणाचं म्हणालात? नागावच्या हेमालीचं? व्हय, पोरगीच हाय ती माझी. म्हणून तर आलात ना, बापाच्या तोंडून तिला शिव्या ऐकायला? ऐका की! ह्याच शेडमध्ये शिकली, नि मलाच शिकवायला लागली — बाबा, गंजावर पट्टी मारू नका, सडलेला तुकडा अख्खा कापा, नवा घाला. अरे, मी जन्मभर पट्ट्या मारल्या, वरनं डांबर फासलं, गाड्या पळाल्या न्हाईत काय? तर गिऱ्हाइकासमोर म्हणते — काका, ह्यात पोरंबाळं बसवू नका, आतनं पोकळ हाय. माझ्या तोंडावर! म्हटलं, जा, घाल तुझं दुकान. घातलं. शिमग्यालासुद्धा घरी आली न्हाय. मी कशाला बोलवू? तिची आय रडते, रडू दे. मला काय त्याचं? मला झोप लागते — लागते कधीमधी.

बॅटरी धरा. खाली धरा हो, माझ्या डोळ्यांत काय बघताय? ही डावी बाजू... हं. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापलंय. वेल्डिंगचा एक टाका हिकडं, एक तिकडं, पत्रा तापून वाकू दिला न्हाय. बरं हाय. बरं म्हणजे — बरं हाय, एवढंच. दारपण लागतंय हिकडचं. आणि उजवीकडं? हिकडं तर नुसतं कापून ठेवलंय, नवा तुकडा बसलेलाच न्हाय — थांबा. दाराच्या चौकटीत ही कापलेली टोकं कसली? पाईप होता इथं, आडवा. खालचं कापल्यावर गाडी मधनं खचू नये म्हणून लावतात तो. हा कुणी उडवला? असा वेडावाकडा कापायला तिचा हात काय मोडला न्हाय. शेठ, तुम्हाला विचारतोय. तुम्ही? कशाला? नवरीला आत बसता येईना म्हणून? भाच्याच्या लग्नाचे फोटो, नागावच्या पुळणीवर! आणि ती नको म्हणत होती, तर ती जेवायला गेली तेव्हा गाडी काढलीत? वा! अर्धी चासी गायब, आत वऱ्हाड, खाली वाळू, वर खारं पाणी — अक्कल काय मिठागरात वाळत टाकलीत? आणि आता पोरगी नालायक! माझ्या पोरीला नालायक म्हणायचं तर मी म्हणीन, तुम्ही कोण?

न्हाय, मी हात लावत न्हाय. तिनं उघडलंय, तीच जोडेल. न्या तिच्याकडं, मान खाली घालून न्या. काय? जाऊन आलात? मग? तिनंच धाडलं — हिकडं? काय म्हणाली? नीट सांगा, तिच्या शब्दांत सांगा. "वाकलेली चासी ओढून सरळ करायला बाबाच लागतील." बाबाच म्हणाली? आणि हे तुम्ही आता सांगताय, एवढ्या शिव्या खाऊन झाल्यावर?

चावी ठेवा तिथं. गाडी ओढून सरळ मी करीन, पाईप मी लावीन. तुकडा मात्र तिनं येऊन जोडायचा, इथं, ह्या शेडमध्ये. फोन लावा तिला, सांगा — न्हाय, मी न्हाय बोलणार, तुम्हीच सांगा. बाहेर जाऊन सांगा. आणि तिकडनंच रिक्षा पकडा, परत आत येऊ नका.