पाळण्याचा आकडा

बसा मंडळी, बसा. मागच्यांनो, पुढं सरका. खांबाला टेकून ऐकणारा अर्ध्यात झोपतो, हे मला पाठ झालंय! माझाही घसा आज दमलाय, म्हणून मोजकंच सांगतो. आधी एक प्रश्न. फसवणुकीला माणसं किती लागतात? दोन! एक फसवणारा, एक फसणारा. बरोबर? मग हे दोघं एकाच सदऱ्यात असले तर काय करायचं?

ऐका तर. साखर कारखान्याच्या वसाहतीत तातोबा चौगुले नावाचा फिटर होता. कारखान्यात भलेमोठे रोलर साखळीनं वर उचलायचे आणि खाली माणसं काम करायची. साखळी तुटली तर? म्हणून प्रत्येक साखळी, प्रत्येक आकडा तातोबाच्या हातून जायचा. आधी हातात तोलायचा. दगडावर वाजवून ऐकायचा. फार चकाकला की कानशीचा एक ओरखडा मारायचा – बघू दे, मुलाम्याखाली काय लपलंय! आणि शेवटी, उचलायचंय त्याहून जास्त वजन टांगून ठेवायचं. व्यापारी हात जोडायचे, "तातोबा, नवा माल आहे हो!"

"नवाच तुटतो," हा म्हणायचा. "जुना तुटायचा असता तर मागंच तुटला असता!"

तीस वर्षं! कुणाच्या अंगावर खिळासुद्धा पडला नाही.

आणि घरी? घरी शिडी डुगडुगती. पाना असा, की नट हलायच्या आधी पान्याचाच जबडा फाके! बायको अनसाबाई म्हणायची, "अहो, कारखान्यात एवढी पारख, आणि घरात हा कचरा?"

"घरचंच तर आहे. चालतंय."

हसू नका! तुमच्या घरातला पाना इथं आणून बघू का?

पुढं तातोबा निवृत्त झाला. थकला. आणि लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याच्या लेकीला, रंजनाला मुलगी झाली! बारसं माहेरी ठरलं. अनसाबाईचा सागवानी पाळणा होता, साखळ्या होत्या, तुळईला कडी होती. मधला आकडा तेवढा गंजून गेलेला. आणि आठवण कधी झाली? बारशाच्या दिवशी सकाळी!

तातोबा बाजारात गेला. ताडपत्रीवर ढीग – पकडी, कुलपं, आकडे, सगळं कसं चांदीसारखं! त्यानं एक आकडा उचलला. हात म्हणाला, हलका आहे. दगडावर वाजवला – आवाज बसका. दोन अंगठ्यांनी ताणला – केसभर फाकला! काय राहिलं आता कळायचं? अहो, विकणारासुद्धा म्हणाला, "काका, हा पिशव्या-बिशव्या अडकवायला. जड काही असेल तर लोहाराकडं जा."

बघा! ज्याला फसवणारा म्हणायचं, तो खरं बोलून मोकळा झाला! पण लोहार बाजाराच्या त्या टोकाला. ऊन. गुडघे ठणकत होते. तातोबा मनाशी म्हणाला, "पोरीचं वजन ते किती? तीन किलो." आणि आकडा पिशवीत टाकला.

संध्याकाळी बायका जमल्या. रिवाज ठाऊक आहे ना? पाळण्यात आधी बाळ नाही, आधी वरवंटा! त्याला कुंची घालायची, काजळ लावायचं, निजवायचं. रंजनाची नणंद म्हणाली, "मिक्सरच्या घरात वरवंटा कुठला? बाहुली ठेवा!"

शेजारच्या गोजराबाई उठल्या. "बाहुलीचं बारसं तुमच्या घरी करा, बाई. माझा वरवंटा आणते."

आणला. निजवला. झोका दिला. गाणं झालं. पाळणा टिकला! सगळ्या खूश.

तातोबा दाराशी उभा होता. त्यानं वर बघितलं. आकड्याचं तोंड सकाळी करंगळी जाईल एवढं होतं. आता अंगठा जाईल एवढं झालेलं! बाकी कुणाला दिसणार? बघायची सवय याच्याच डोळ्यांना.

बोलावं, तर व्याह्यांसमोर तीस वर्षांची अब्रू जाते. आणि मन कशी वकिली करतं बघा – "वरवंटा तोलला की! पोर तर त्याहून हलकं." वरवंटा बाहेर निघाला. रंजना बाळाला घेऊन वाकली...

"थांब, रंजा!"

"अहो काका, मुहूर्त टळेल," नणंद म्हणाली.

तातोबा पुढं आला, पाळण्याच्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार टाकला. आकडा सरळ झाला – गजासारखा! पाळणा धाडकन खाली, त्याची एक कड तातोबाच्या पावलावर.

रंजनानं पोरीला छातीशी धरलं. "आप्पा, तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"कधी?"

"बाजारातच."

रंजना ओरडली नाही, रडली नाही. इतकंच म्हणाली, "तिथं साखळीखाली लोकांची लेकरं होती, आप्पा. त्यांना कधी 'चालतंय' म्हणाला नाहीत."

मंडळी, मोडलेलं पाऊल महिन्यात बरं झालं. ते वाक्य तातोबा जन्मभर घेऊन चालला. बाळाचं नाव आईच्या मांडीवरच ठेवलं गेलं.

ही गोष्ट मी पुष्कळ गावांत सांगितली. दमलो आता. मागं एका गावात आख्यान संपल्यावर एक जण पाया पडायला आला. मला वाटलं, गहिवरला असेल. तर कानाशी येऊन विचारतो, "महाराज, तो ढीगवाला कुठल्या वारी बसतो?"

हसा, हसा! पण मडकं तुम्ही वाजवून घेता ना? मग शिडी, कुलूप, गॅसची नळी तशीच पिशवीत कशी जाते? पारख तुम्हाला येत नाही असं मी कुठं म्हणतो? येते! हात सांगत असतो, आपण त्याला गप्प करतो. ज्याला कळलं नाही, त्याला देव सांभाळून घेईल. ज्याला कळलं आणि तरी जो पुढं गेला, त्याला देवानं आणखी काय सांगायचं? त्याचं सांगून झालेलं असतं.

चला, टाळ उचला. नाव घेऊ त्याचं. आणि घरी गेलात की अंथरूण पसरायच्या आधी त्यावरचा पंखा एकदा हलवून बघा. विठ्ठल, विठ्ठल!