जुलैतलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्रीराम काका, प्रमुख पाहुण्या डॉ. विनीता मावशी, सत्कारमूर्ती मृणालिनी काकू, मंडळाचे पदाधिकारी, आणि मागून येणारा मसालेभाताचा वास सोसत बसलेल्या सर्व रसिक बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मी एक प्रश्न घेऊन उभी आहे. कुणी मायेनं केलेल्या गोष्टीनंच नुकसान झालं, तर ते त्या माणसाला सांगावं, की त्याची माया आठवून गप्प बसावं? मला उत्तर येत नाही. आधीच कबूल करते, म्हणजे भाषणाच्या शेवटी ते मिळेल या आशेवर कुणी बसणार नाही.

देवांगने माझी ओळख करून दिली, 'काकूंची शेवटची विद्यार्थिनी, वैदेही.' ते खरंच आहे. काकूंचा प्रकल्प या वसंतात बंद झाला. निधी थांबला, प्रयोगशाळेतली खोली दुसऱ्यांना दिली गेली, आणि पुढच्या आठवड्यात काकू देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरीला, मुलाकडे, म्हणजे सुशांतदादांकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईला फोनवर सांगितलं, मी शेवाळावर संशोधन करते. ती म्हणाली, "अगं, ते तर मी मोरीतून घासून काढते. त्यासाठी तुला अमेरिकेत नेलं?" काकूंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "आईंना सांग, हे जमीन धरून ठेवणारं शेवाळ आहे."

आपल्यापैकी बरेच जण डोंगर ओलांडून पलीकडच्या त्या कोरड्या माळावर सहलीला आले आहेत. राखाडी सेजब्रशची झुडपं, मध्ये गवताचे झुपके, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या मातीवर काळपट, करपल्यासारखी साय. तीच काकूंची शेवाळं. पाऊल पडलं की मोडतात, म्हणून काकू सगळ्यांना फळ्यांवरून चालायला लावत. प्रताप काका दरवेळी म्हणायचे, "काकूंचं शेवाळ सोवळ्यातलं दिसतंय!" काका, तुमच्या त्या विनोदावर काकू अजून हसतात.

माळावर कुंपण घातलेले त्यांचे दोन चौकोन होते, एक रस्त्यालगत, एक टेकाडामागे. तिथलं शेवाळ, झुडूप आणि गवत एकमेकांच्या आधाराने कसं जगतं, हे काकू वर्षानुवर्षं पाहत आल्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, हे मेलंय का? त्या म्हणाल्या, "झोपलंय. हिवाळ्यात आपण होऊन उठेल. आपण उठवायचं नाही."

आता गेल्या जुलैबद्दल बोलते. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात अडकले होते. अशा वेळी हे मंडळ काय करतं, ते या हॉलमध्ये कुणाला सांगायला नको. डब्यांच्या पाळ्या लागल्या. आपल्यापैकी कुणी भारतात गेलं, की शेजारचे किल्ली घेऊन तुळशीला, कढीपत्त्याला पाणी घालतात. तसं काकूंच्याही झाडांना घातलं. त्याच जुडग्यात माळावरच्या फाटकाची किल्ली होती. कुणाला तरी वाटलं, तिकडे एवढं ऊन, काकूंचं शेवाळ वाळून जाईल. मग दर शनिवारी कुणी ना कुणी दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून, घाट ओलांडून गेलं. फळ्यांवरूनच चाललात, हेही मला माहीत आहे.

मघाशी स्लाइडशोमध्ये तो फोटो आला. हिरवागार चौकोन, कडेला हसणारे सगळे, आणि आपण टाळ्या वाजवल्या. त्या वेळी काकू खाली बघत होत्या.

हे शेवाळ पाणी पडताच क्षणात हिरवं होतं. जागं होतं, म्हणून साठवलेली शिदोरी खाऊ लागतं. हिवाळ्यात ओल टिकते, तेव्हा नवी शिदोरी बांधायला त्याला वेळ मिळतो. जुलैत अर्ध्या तासात ऊन ते पाणी ओढून घेतं. खाल्लेलं भरून निघायच्या आत ते पुन्हा झोपतं. पुढच्या शनिवारी पुन्हा उठवलं, पुन्हा रिकामं. हिवाळा आला तेव्हा रस्त्यालगतच्या चौकोनातलं शेवाळ उठलं नाही. उघड्या मातीत परकं गवत शिरलं, तेच गवत जे उन्हाळ्यात पेट घेतं आणि झुडपांनाही घेऊन जातं.

प्रताप काका, बसा. प्लीज बसा. तुम्ही एकटे नव्हतात, आणि कुणीच वाईट हेतूने केलं नाही.

तो फोटो काकूंना ऑपरेशननंतरच्या रिहॅबमध्ये पाठवला होता, तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला. मग उचलून तुम्हाला हार्ट पाठवलं. वर्षभर त्या याबद्दल कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मागच्या आठवड्यात सामान बांधताना मी विचारलं, आता तरी सांगू का? त्या म्हणाल्या, "मला धीर होत नाही गं. ही माणसं माझ्यासाठी डबे आणत होती." मग खोकं बंद करता करता म्हणाल्या, "सांगायचंच असेल तर मी समोर असताना सांग. मागून सांगितलंस, तर त्यांना वाटेल मी रागावून गेले."

मीही गप्प बसले असते. पण आपल्या ग्रुपवर काकूंच्या सन्मानार्थ यंदाच्या जुलैत पाणी घालायच्या पाळ्या लागल्या आहेत. टेकाडामागचा चौकोनही देवांगने नकाशावर शोधून दिला आहे. पहिल्या शनिवारी प्रताप काकांचंच नाव आहे. तेवढा एकच चौकोन आता उरला आहे.

काकू, तुम्ही मला जपायला शिकवलंत. काही गोष्टी हात न लावता जपायच्या असतात, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रकल्प बंद असला, तरी मोजणी मी चालू ठेवणार आहे. त्याचं पुढे काय होईल, ते सांगता येत नाही.

मंडळाने मला बोलू दिलं, याबद्दल मनापासून आभार. समारंभाला न शोभणारं बोलले असेन, वडीलधाऱ्यांचं मन दुखावलं असेल, तर लेकरू समजून पोटात घाला. फेब्रुवारीत, माळावर पाऊस आणि बर्फ असताना, सगळ्यांनी माझ्याबरोबर या. तेव्हा ते आपलं आपण हिरवं असतं. तोवर कुणी घाट ओलांडायचा त्रास घेऊ नये.

फाटकाचं कुलूप मी काल सकाळीच बदललं आहे.