चंपतकाकांचा ट्रक आमच्या टेबलावर

आणि वर मलाच विचारतात, "काहून वं पोरी, गाडी बरी हाये ना?" तुम्हाला सांगते, तोंडात मंजन आहे, केस पिंजारलेले आहेत, आणि दारात समोरचे चंपतकाका उभे! मी म्हणते, काका, गाडी तुमची, ती गेली रायपूरला, तिच्यात रामाजी ड्रायव्हर बसलेला, ती बरी आहे की नाही हे मला गणेशपेठेत बसून कसं कळणार? तर म्हणतात, "ते नाही वं. तुह्याजवळची कशी हाये?"

माझ्याजवळची! अहो, माझ्याजवळची म्हणजे पुठ्ठ्याची हो! थोडं प्लायवूड, थोडा पुठ्ठा आणि बाबांच्या हवाई चपलेचा रबर. एवढासा ट्रक हो... वीतभर!

आता तुम्ही म्हणाल, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, हिला भरतकाम नाही का, रांगोळी नाही का, ही ट्रक काय करत बसते? आई पण तेच म्हणते. पण माझं ऐका ना. मी जन्माची घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी मी उडते. मागून कुणी "प्रेमिला" म्हटलं तर माझ्या हातातलं जे असेल ते खाली. आणि आमच्या खिडकीसमोर कोण उभा? चंपतकाकांचा ट्रक! कपाळावर त्यांच्या आईचं नाव, 'बायजाबाई प्रसन्न', आणि खाली भोंगा असा, की बायजाबाई प्रसन्न असतील असं वाटतच नाही. रामाजीनं सकाळी तो दाबला की माझा चहा बशीत, बशी मांडीवर.

तर एकदा मला सुचलं, आपण असा ट्रक करावा जो भोंगाच वाजवणार नाही. आपल्या टेबलावर उभा राहील, आपण फुंकर मारली तरच धूळ उडेल. कॉलेजच्या लायब्ररीत एक विलायती मासिक यायचं, त्यात म्हातारे म्हातारे साहेब लोक बसून छोट्या छोट्या मोटारी रंगवतात. त्यांना आयता डबा मिळतो हो! सुटे भाग, नळीतला डिंक, रंगाच्या चिमुकल्या बाटल्या. इथे कुठला डबा? इथे ब्लेड, पॉलिशपेपर आणि आईची नजर चुकवणे. समोरची काच म्हणजे आजोबांच्या छातीचा जुना एक्स-रे, खरवडून खरवडून आरपार दिसेल असा केलेला. पुढचे दिवे, साडीच्या टिकल्या. आणि गंज! गंज कशाचा सांगू? काताच्या पाण्याचा! पानाचा कात हो. ब्रशच्या टोकानं तो असा लावला, असा लावला, की माझं मलाच वाटलं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. डाव्या मडगार्डला जो पोचा आहे ना काकांच्या, तोही मी तस्साच केला. मागे भरलेली संत्री म्हणजे मोहरी. एकेक दाणा शेंदरी रंगवलेला. त्यातली वाटीभर आईनं चुकून फोडणीत टाकली आणि वरणाच्या पातेल्यापाशी उभी राहून म्हणते, "ही मोहरी तडतडून काहून नाही राहिली वं?"

तर असा तो ट्रक झाला, टेबलावर उभा राहिला. आणि मी एकटीच त्याच्याकडे बघत बसायची. सुखात होते हो मी.

मग ती दुपार आली. कुकरची शिट्टी झाली, मी दचकले, माझा कोपर लागला, ट्रक खाली, पुढचं चाक निखळून कपाटाखाली. ट्रक परत टेबलावर ठेवून मी पालथी पडून झाडूच्या काडीनं चाक शोधतेय, तेवढ्यात चंपतकाका पेपर मागायला आले. आल्या आल्या रडगाणं, "आताच रामाजीचा दुकानावर फोन आला, कळमेश्वरच्या पुढं टायर बसला..." आणि बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर. तीन चाकांवर उभा ट्रक. कपाळावर त्यांची आई.

मग काका खुर्चीतच बसले. "हे कवा झालं?"

"आत्ताच... दुपारी."

"कोणतं चाक? डावं पुढचं?"

आता माझं कसं आहे, मी घाबरले की समोरचा म्हणेल त्याला हो म्हणते. मी म्हटलं, "हो."

बस्स! संपलं! अहो, रामाजीच्या गाडीचा टायर बसला नाही असा एक तरी आठवडा दाखवा मला! त्या टायरांत रबर कमी आणि ठिगळं जास्त! पण काका कुठले ऐकायला? त्यांनी टोपी काढली, ट्रकच्या पाया... म्हणजे चाकांना हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "पोरी, आता माही लक्ष्मी तुह्या हातात हाये."

माझ्या हातात! ज्या हातात चहाचा कप टिकत नाही! आणि एवढासा ट्रक हो... वीतभर!

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर म्हणजे नाका झालं. काकांनी निंबू-मिरची आणली, ट्रकच्या पुढे बांधायला. आता निंबू ट्रकच्या टपापेक्षा मोठं! बांधलं तर ट्रक पुढच्या पुढे नाकावर पडला. काका ओरडले, "धर वं! तिकडं ब्रेक लागला असंन!" मग ट्रकचं तोंड कुठे? गाडी दिल्लीला जाणार असेल तर उत्तरेला करायचं, रायपूरला असेल तर पूर्वेला. पूर्वेला आमची मोरी आहे. तर ट्रक मोरीकडे तोंड करून उभा आणि आंघोळीला जाणाऱ्यानं शिंतोडे उडवायचे नाहीत, का, तर रायपूरच्या रोडवर गाडी घसरन! आमच्या मांजराला दोरी बांधली. आईनं त्या खोलीत झाडू मारणं सोडलं. पण आई काही बोलेना, कारण काकांच्या बायको अंजनाबाई टोपलीभर संत्री पाठवायच्या, आणि वर येऊन ट्रकला हळद-कुंकू लावून जायच्या. माझा काताचा गंज, एवढ्या मेहनतीचा, त्याच्यावर कुंकू!

आणि तो रामाजी! त्याला तर लॉटरी लागली हो. आधी उशीर झाला की काकांच्या शिव्या खायचा. आता? दोन-दोन दिवस ढाब्यावर बाज टाकून पडायचा आणि येऊन माझ्याकडे बोट! "मी काय करू मालक? गाडी जागची हलूनच नाही राहिली. ताईनं टेबलावर काही वजन ठेवलं असंन, पाहा ना जी." आणि काका माझ्याकडे बघायचे. आणि मी, मी खरंच आठवायला लागायची हो, की मी डिक्शनरी ठेवली होती का बाजूला!

बरं, हेही मी सोसलं असतं. पण नेमकं तेव्हाच ते प्रदर्शन आलं. सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये, हौशी लोकांनी हातानं केलेल्या वस्तूंचं. आता तुम्हाला खरं सांगते, हसू नका. मी आयुष्यात कशातही नाव दिलेलं नाही. हजेरीला "येस सर" म्हणताना माझा आवाज फुटत नाही, दोनदा गैरहजेरी लागली आहे समोर बसलेली असून! पण ह्या ट्रकचं नाव मी दिलं. मला ते पहिलं बक्षीस पाहिजे होतं. हवं होतं म्हणजे हवंच होतं. का नको? एवढा चांगला गंज केलाय कुणी नागपुरात?

काकांना सांगायला गेले तर त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं, गाडी भोपाळच्या रस्त्यानं लागली, मधात बैतूलचा घाट हाये, आन् तू इकडं तिले सीताबर्डीले नेशीन? मंग रामाजी कुठं पोचन?" मी रडायला लागले. रडले म्हणून काका विरघळले. म्हणाले, "ने. पण कायद्यानं ने. मी संग येतो."

कायद्यानं म्हणजे कसं? ट्रक पाटावर. पाट माझ्या हातात. पुढे काका, मागे अंजनाबाई नारळ घेऊन. आणि काकांचं चालूच, "डाव्या बाजूनं चाल! त्या सायकलले ओव्हरटेक नको करू! गड्डा हाये, गड्डा हाये, दुसऱ्या गेअरात टाक!" काका, मी पायी चालते हो, मला गेअर कुठला? कॉटन मार्केटच्या चौकात पोलिसानं गाड्यांसाठी हात दाखवला. सगळी माणसं रस्ता ओलांडून गेली. मी निघाले तर काका, "हात दिसून नाही राहिला का तुले?" आम्ही थांबलो. ट्रकांच्या रांगेत. माझ्या पुढे ट्रक, मागे ट्रक, मधात मी पाट घेऊन. मागचा भोंगा वाजवतोय! पोलीस आला. पाटाकडे बघितलं. मला वाटलं आता हा तरी शहाणा निघेल.

म्हणतो, "खाली हाये का भरलेली?"

"भरलेली हाये जी," काका म्हणाले. "संत्री."

"हाव. मग चला, चला, नासतीन," आणि शिट्टी मारून दोन्हीकडची वाहतूक थांबवली की हो त्यानं! एवढ्याशा ट्रकसाठी... वीतभर!

कशीबशी पोचले. मांडला. आणि लोक येऊन बघत होते हो! एका बाईनं गंजाला बोट लावून आपलं बोट पाहिलं, लाल झालंय का म्हणून. माझ्या छातीत असं काही झालं ना... तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. परीक्षक होते गोपाळराव सर, ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा! अस्सल!" अस्सल म्हणाले! आणि म्हणाले, "पण वरून कोणीही करेल, खालचं काम पाहू." असं म्हणून त्यांनी ट्रक उचलला आणि... उलटा केला!

संत्री मी चिकटवली नव्हती हो. भसकन सगळी मोहरी जमिनीवर! आणि काकांनी जो हंबरडा फोडला, "उलटली रे! गाडी उलटली!" अर्धा हॉल बाहेर रस्त्यावर धावला, अपघात बघायला. अंजनाबाईंनी नारळ टाकून डोक्याला हात लावला. काका गुडघ्यांवर, मोहरी वेचतात आणि म्हणतात, "रामाजी, बाप्पा, उडी मार! उडी मार!" गोपाळराव सर ट्रक तसाच उलटा धरून उभे, कारण काका ओरडत होते, "हलवू नका! पंचनामा व्हायचा हाये!"

त्या दिवशी गल्लीत कुणी जेवलं नाही. भोपाळला फोन लागेना. मी कोपऱ्यात बसून रामाजीच्या बायकोला काय सांगायचं ह्याची मनातल्या मनात तयारी करत होते. हो, तोपर्यंत माझाही विश्वास बसला होता, मी काय तुम्हाला वेगळी वाटते?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी... भोंगा! मी उडाले, पण काय आनंदानं उडाले! गल्लीत ट्रक, धडधाकट, आणि रामाजी पानाचा तोबरा भरून खाली उतरतोय. "काय झालं जी? सारे काहून गोळा झाले? गाडी तं यावेळी मक्खन चालली. ना पंक्चर, ना काही."

मला वाटलं, सुटले! संपली पीडा! आता काका हसतील, पेढे वाटतील, माझा ट्रक माझा होईल. मी काकांकडे पाहते तर त्यांचं तोंड उतरलेलं. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, दुसरी मारली.

"घाटात बी नाही कलंडली?"

"नाही जी."

"थोडी बी?"

"नाही ना मालक."

काका हळूच माझ्याकडे वळले. "मंग पोरी," म्हणतात, "मी इतके दिवस कोणाच्या गाडीले निंबू बांधून राहिलो?"

आणि तेवढ्यावर थांबतात का? "कोणाची तरी उलटली असंन वं! कोण्या बिचाऱ्याची!" झालं, मी घाबरले, पळत जाऊन पेपर उघडला, कुठे ट्रक उलटल्याची बातमी आहे का! मी पेपर चाळतेय आणि हा माणूस टोपी घालून थेट सीताबर्डीला, हॉलवर! मी मागे धावले. पोचते तर काका गोपाळराव सरांपुढे उभे, हात जोडून, अगदी सभ्यपणे. "साहेब, मी मालक हाये. हे माही गाडी नाही. माही असती तं काल उलटली असती. पोरीनं नकलेत कुठं तरी गलती केली."

सरांनी चष्मा काढला. पुसला. विचार केला. अहो, विचार केला त्यांनी! आणि म्हणाले, "हुबेहूबपणालाच तर आपण गुण देतोय. आणि खुद्द मालकच सारखी नाही म्हणतात, म्हणजे..."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, सर, प्रत्येक ओरखडा मोजून पाहा, पोचा पाहा, गंज पाहा, अहो बायजाबाईंच्या नावातला उडालेला रंग पाहा! पण आवाज कुठे फुटतो? आणि खरं सांगू, देव मला क्षमा करो, एक क्षणभर माझ्या मनात आलं की रामाजी थोडासा उलटला असता तर काय बिघडलं असतं? गवतावर. हळूच.

पहिलं बक्षीस आगपेटीच्या काड्यांच्या ताजमहालाला मिळालं. त्याचा एक मिनार सरळ सरळ वाकडा होता, मी स्वतः वाकून पाहिला. पण करता काय? त्याचा मालक थोडाच येणार होता तक्रार घेऊन!