सगळ्यांचे बाबा कष्टाळू

वसमतच्या स्टँडवर, माझ्या शेजारच्या बाकावर, विश्वंभर गुरुजी आणि त्यांच्या वर्गातल्या आरोहीचे वडील तातेराव.

“लेकरं स्वतःचं लिहू लागली, तातेराव, की देश बदलतो!”

“देशाचं ऱ्हाऊ द्या. आधी निबंध फळ्यावरून उतरवायची, तवा सगळ्यांचे बाबा कष्टाळू होते. ते काहून बंद केलं?”

“नवी पद्धत आहे. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं.”

“खरं सांगा, आमच्या मंडळीनं शिकवली न्हाई ना ही पद्धत तुमाला?”

“काहून हो?”

“पोरीनं लिवलं, बाबा गोठ्यात लपून तंबाखू खातात. तिच्या मायनं पुडी चुलीत घातली.”

“पण निबंध झकास होता!”

“व्हय, तिचा ‘माझे गुरुजी’ बी वाचला. ती चष्म्याची डबी उघडा, चिमूटभर द्या.”