एक सूत मागे, एक सूत पुढे

(गॅरेज. जुनी मोटार, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा. मिस्त्री सीटखाली डोकं घालून आडवा. काका-काकू बाहेर उभे.)

काका : मी म्हणतो, कशाला छळताय त्या सीटला? नाही सरकत तर नाही सरकत.

काकू : अहो, माझा पाय क्लचपर्यंत पोचत नाही.

मिस्त्री : पाठीला उशी लावून बघितलीत का, काकू?

काकू : दोन लावल्या. क्लच दाबला की क्लच जागच्या जागी, मीच मागे जाते.

मिस्त्री : काका, ही सीट शेवटची कधी सरकवली होती?

काका : सरकवायची कशाला? गाडी घेतली त्याच दिवशी माझ्या मापाची लावली. दुसरं कोण बसणार होतं तिथं?

मिस्त्री : तरीच. खटका उचलला जातोय, पण पटरी बस्तान मांडून बसलीय.

काका : मग बोल्ट काढा नि सीटच बाहेर घ्या.

मिस्त्री : बोल्टांची डोकी गंजून गोल झालीत, पाना धरत नाही. तापवावं तर वर गादी, खाली पेट्रोलची नळी. सीट राहील जागेवर, आपण तिघं सरकू.

काका : म्हणजे होत नाही! हिला मी घरीच सांगितलं होतं. रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू गाडी.

मिस्त्री : विकायचीय? मग मी इथं तेल कशाला खातोय?

काकू : विकायची नाही. डॉक्टरांनी यांचं चालवणं बंद केलंय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मुलगा म्हणतो, गाडी विका, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे या. आमचं घर गावाबाहेर, गाडीशिवाय तिथं राहणार कसे? म्हणून मी क्लासच्या गाडीवर शिकले. लायसन्स काढलं.

काका : पहिल्या फटक्यात! साहेबानं मागे घ्यायला लावली, सरळ रेषेत घेतली हिनं.

काकू : बघा. चारचौघांत सांगताना छाती फुगते, आणि किल्ली द्यायची वेळ आली की सीट गंजते.

मिस्त्री : तुमचं चालू द्या, तेवढ्यात तेल मुरतंय. काका, तुम्ही कोपर खिडकीबाहेर काढून चालवता ना?

काका : तुम्हाला कुणी सांगितलं?

मिस्त्री : पटरीनं. त्या अंगाला झुकलीय, म्हणून धरतेय. तुम्ही तसेच बसा. तुमचं वजन पडलं की दोन्ही पटऱ्या समोरासमोर येतील.

काका : मीच बसू?

मिस्त्री : तुमच्याच मापाची आहे ना? बसा. स्टिअरिंग धरा. मी ठोकतो तसं आधी एक सूत मागे, मग एक सूत पुढे. नुसती पुढे ओढली की जास्त अडकते. मागे जाऊ दिली की गंज सुटतो.

काका : असं?

मिस्त्री : मागे. हां, हलली! आता पुढे. पुढे, काका.

काका : ओढतोय की.

मिस्त्री : हात ओढतायत. पाय मागे रेटतायत. मी खाली आहे, मला इथून तुमचे पायच दिसतायत.

काकू : अहो.

काका : सवय आहे गं. इथं बसलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

काकू : तुमच्या हातातून काय जातंय ते मला कळतं. पण तिकडे गेलो की आपण दोघंही पाहुणे. सूनबाई चांगली आहे हो, पण चहा टाकायचा तरी विचारून टाकायचा. मला नाही जायचं.

काका : मला तरी कुठं जायचंय?

काकू : मग उचला पाय.

मिस्त्री : मी थांबू का जरा?

काका : नाही. ठोका.

मिस्त्री : मागे... पुढे. मागे... पुढे. कुरकुरतेय, कुरकुरू द्या. अजून एक— आली! काका, बस, बस, बस!

काका : अगं, पोट अडकलं माझं!

काकू : श्वास सोडा! वाकडे व्हा. आधी तो पाय बाहेर. किती वेळा म्हटलं, रात्री भात कमी घ्या.

मिस्त्री : सुटली सीट, अडकले काका. आता यांना तेल सोडू?

काका : हसा, हसा. बस गं तू. पोचतो का?

काकू : थांबा हं... टेकला. पार तळापर्यंत टेकला!

मिस्त्री : करू पक्की इथंच?

काका : पक्की नको. ग्रीस भरा, खटका मोकळा ठेवा. पुन्हा गंजायला नको.

मिस्त्री : भरतो. झालं हे. काकू, एक चक्कर मारून या. काका, तुम्ही पलीकडून.

काका : हा दरवाजा का उघडत नाही?

काकू : हँडल वर उचला, मग ओढा.

काका : हे कधीपासून?

काकू : कायमचंच. तुम्ही कधी उघडलाय तो?

काका : हं. बसलो. अगं, इथं चटईला भोक कसलं पडलंय?

काकू : तो माझा ब्रेक.

काका : तुझा?

काकू : तुम्ही ट्रकच्या मागे लागलात की मी तिथं दाबायची.

काका : लागायचा?

काकू : तुम्ही हळू घेतलीत की मला वाटायचं, लागला.

काका : बरं. काढ गाडी. ठेवलाय मी पाय.