बंद काचा

गॅरेजच्या बाकावर माझ्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारची पिकअपवाली बाई मिस्त्रीवर कडाडली.

“तिसरी खेप आहे ही! गाडी थांबली की एसी गरम हवा फेकतो.”

“ताई, आत्ताच फेरी मारून आलो. बर्फासारखा गार आहे.”

“पळताना असतोच गार. थांबवून बघा म्हटलं होतं ना?”

“साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.”

“साहेबांना गाडीतला फक्त हॉर्न कळतो. वडिलांना दवाखान्यात मीच नेते. धुरानं त्यांना दम लागतो, काच उघडता येत नाही. काल रेल्वे फाटकात घुसमटून बेशुद्ध पडले. बसा आत. इंजिन चालू, काचा बंद.”

पाच मिनिटं गेली.

“ताई, गरम हवा येतेय! बॉनेटखालच्या एसीच्या पंख्याचा आवाजच नाही, तो फिरत नाहीये! काच खाली करू?”

“बाबा वीस मिनिटं बसले होते. बसा.”