मुकुंदाच्या पासाचे उरलेले तास

मंडळी, ऐका! आधी प्रश्न, मग कथा. वाया जाणं म्हणजे काय? सांगा की! ताटात भात टाकला — वाया गेला. नळ उघडा राहिला — पाणी वाया गेलं. तुम्ही म्हणाल, महाराज, त्यात काय एवढं? पैसे मोजले अन् वापरलं नाही, ते वाया गेलं! बरं. मान्य. आणि ज्याचे पैसे कधी मोजलेच नाहीत, ते गेलं तर? त्याला काय म्हणायचं? विचार करा जरा! आजची कथा हसण्याची नाही, आधीच सांगून ठेवतो.

लातूरच्या रस्त्याला एक बाजारपेठेचं गाव. नाव नाही सांगत! तुमच्यातल्याच कुणाचे व्याही निघायचे तिथले, अन् मला दक्षिणेऐवजी नुसत्या नारळावर वाटेला लावायचे. तर त्या गावात सोपानतात्या शिंपी. डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उरला उजवा. त्या एका डोळ्यावर तात्यांनी उभा जन्म सुईत दोरा ओवला! बायको गेली, तिच्यामागं पोर वाढवलं, सगळं त्या एका डोळ्यावर.

आणि माणूस काटकसरी किती? चिंधी टाकायचा नाही! शर्टाचं कापड उरलं, त्यात कॉलर. कॉलरचं उरलं, त्यात खिशाची पट्टी. पोराला म्हणायचे, ‘मुकुंदा, पैसा पडलाय रे त्यात. वाया घालवायचं नाही.’ पोरगं ऐकायचं. वाईट पोरगं नव्हतं हो मुकुंदा! दारू नाही, तंबाखू नाही, दिवसभर बापाच्या शेजारी मशीनवर पाय हलता. नाद एकच — बसस्टँडामागचा बंडूशेठचा गेमिंग क्लब!

काळ्या काचा, आत गारगार एसी, भिंतीएवढे स्क्रीन. पोरं कानाला हेडफोन लावून आत शिरली की सख्खा बाप हाक मारून दमला तरी ऐकू जायचं नाही. ओ टाळकरी, माना खाली कशाला घालता? तुमच्याही गावात आहे, येताना बघितलाय मी!

तिथं पास असतो. महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे भरायचे, मग ठरावीक तास खेळायला मिळतात, जरा स्वस्तात. पण मेख ऐका! उरलेले तास महिनाअखेरीला बाद! शेवटच्या तारखेला शटर पडलं की गेले. आणि महिना कुठला? जून! शाळेचे गणवेश! शिंप्याच्या घरात जेवायला सवड नाही, तिथं मुकुंदा खेळणार कधी? तास साचत गेले. महिना सरत आला अन् गणवेश संपले. मुकुंदा म्हणाला, आता दोन दिवस नुसतं बसायचं, सगळे तास उडवायचे!

नेमका त्याच दिवशी तात्यांचा डोळा ठणकायला लागला. लालबुंद झाला. तात्या म्हणाले, ‘मुकुंदा, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय रे. डोकं फुटतंय.’

‘तात्या, गणवेशाचं जागरण झालंय तुम्हाला. ड्रॉप टाका. परवा सकाळी पहिल्या गाडीनं लातूरला जाऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू.’

‘परवा?’

‘पासचे तास राहिलेत, तात्या. पैसे भरलेत. उद्यापर्यंत संपवले नाहीत तर वाया जातील.’

आणि मंडळी, तात्या काय म्हणाले? ओरडले? नाही हो! तात्या म्हणाले, ‘पैसे भरलेत ना? मग संपव बाबा. वाया नको घालवू.’ हाय रे कर्मा! जे शिकवलं, तेच पोरगं करत होतं. बाप बोलणार काय?

दुसरा दिवस उजाडला. तात्यांना उलट्या सुरू झाल्या. दुपारी ते भिंत धरत, लोकांना विचारत विचारत क्लबपर्यंत आले. आत नाही गेले. बाहेरच्या बाकड्यावर बसले, उपरण्याचा बोळा डोळ्यावर दाबून. मुकुंदानं काचेतून पाहिलं. उठावं वाटलं, अर्धा उठलाही. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात उरलेला वेळ दिसत होता. मनात आलं, आता एवढ्यासाठी कुठं सोडायचं? तात्या बसलेत ना निवांत. त्यानं बोटांनी खूण केली — थोडंच राहिलंय! अहो, कुणाला खूण करतोस गाढवा? तो बघू शकत असता तर भिंत धरून आला असता का?

बंडूशेठनं तात्यांना पाणी दिलं, आत येऊन मुकुंदाच्या कानावरचा हेडफोन ओढला. ‘मुकुंद, म्हातारा कळवळतोय रे बाहेर.’

‘झालंच, शेठ.’

‘झालंच’ म्हणाला, आणि बसला. संपले एकदाचे तास, तेव्हा उठला. म्हणाला, ‘शेठ, वसूल केले सगळे!’

बंडूशेठ म्हणाला, ‘अरे येड्या, तात्यांना बरं नाही म्हणून एक शब्द टाकायचास! पुढच्या महिन्यात देऊन टाकले असते की तुझे तास. मी काय राक्षस आहे?’

मुकुंदाचं तोंड एवढंसं झालं. बापाचा हात धरला, लातूरची गाडी गाठली. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली अन् विचारलं, ‘आजोबा, कधीपासून दुखतंय?’

मुकुंदानं मान खाली घातली. आता तात्या सांगणार! सांगायलाच पाहिजे होतं हो! तात्या म्हणाले, ‘आत्ताच साहेब. आज दुपारपासनं. लगेच घेऊन आला पोरगा.’

डॉक्टर खवळले. ‘खोटं सांगू नका! हे दुखणं कालचं आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढून नस मेलीय. काल आणलं असतं तर नजर वाचली असती. आता दुखणं थांबवीन मी, नजर नाही देऊ शकत.’

तात्यांनी चाचपत पोराचा हात शोधला. म्हणाले, ‘साहेब, पोराला नका बोलू. मीच म्हणालो, संपवून ये.’

मुकुंदा तिथं फरशीवर बसला, मंडळी. लहान पोरासारखा हंबरडा फोडला त्यानं. आणि बाप? बाप अंधारात त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

...मृदंगावर थाप नको आता. राहू द्या.

तुम्ही मनात म्हणत असाल, नालायक पोरगं! आणि तुम्ही? रात्री झोपताना मोबाईलचा रोजचा डेटा उरला म्हणून जागता की नाही? लग्नात आहेराचं पाकीट दिलंय म्हणून पंगतीत पोट फुटेस्तोवर खाता की नाही? भरलेले पैसे वसूल करताना तुमचा हात कुणी धरू शकत नाही! आणि घरात आई दोन दिवस म्हणतेय, छातीत कसंतरी होतंय रे. बायको म्हणतेय, जरा बसा, बोलायचंय. त्यांना काय सांगून आलात? ‘कीर्तन ऐकून येतो, मग बघू!’ खरं की नाही? खाली बघू नका, मला दिसतंय!

तर हे कीर्तन इथं थांबवलं. ज्यांच्या घरी कुणी ‘मग बघू’ ऐकून बसलंय, त्यांनी आत्ता उठायचं. आरतीला थांबू नका, प्रसादाला थांबू नका. माझ्या पाया पडू नका. देवाला राग येणार नाही, त्याची हमी मी घेतो. उठा! ...अहो, बघता काय एकमेकांकडं? उठा म्हणतोय ना!